मांडीवरचे मूल आणि न्यूटनचा पहिला नियम

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला गावी निघालेली मोटार आपण सर्वांनीच पाहिलेली असते. बाबा गाडी चालवत असतात. शेजारी आई आणि तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचे बाळ. मागे आजी-आजोबा, आणि पुढच्या दोन सीटांमधल्या फटीत उभे राहून रस्ता बघणारे चार-पाच वर्षांचे मूल. बाबांनी सीटबेल्ट लावलेला असतो, कारण पुढच्या चौकात पोलीस असण्याची शक्यता असते. बाळाला मात्र कसलाच पट्टा नसतो, आणि त्याची गरज कोणाला वाटतही नाही. आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा दुसरी कोणती, असे आपण मानून चालतो.

आम्हीही तसेच मानत होतो. बल आणि संवेग यांचे हिशेब करण्यात आमचा दिवस जातो, तरीही आमची मुलगी रुग्णालयातून घरी आली ती आईच्या मांडीवर, पुढच्या सीटवर बसूनच. ती तीन वर्षांची असताना एकदा रस्त्यात अचानक म्हैस आडवी आली. आम्ही जोरात ब्रेक लावला. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नव्हता आणि गाडी कशावरही आदळली नाही. पण मागच्या सीटवर मोकळी बसलेली मुलगी पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटली. ओठ फुटला, दोन टाके पडले. त्या संध्याकाळी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब आधीच करायला हवा होता तो केला. नववी-दहावीच्या विज्ञानाबाहेरचे त्यात काहीही नाही. म्हणूनच तो येथे मांडत आहोत.

थांबते ती गाडी, मूल नव्हे

न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम आपण वर्गात शिकवतो. बाह्य बल लावल्याशिवाय वस्तूची स्थिर किंवा एकसमान गतीची अवस्था बदलत नाही. उदाहरण म्हणून बसने ब्रेक लावल्यावर प्रवासी पुढे झुकतात, हेही सांगतो. हे ‘पुढे झुकणे’ किती भयंकर असू शकते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

समजा, एक मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने जात आहे आणि ती एका भक्कम भिंतीवर आदळली. गाडीचा पुढचा भाग चेपतो. हे चेपणे साधारण ६० सेंटिमीटर धरू. म्हणजे गाडीच्या बैठकीचा भाग १३.९ मीटर/सेकंद या वेगापासून शून्यावर येतो तो ६० सेंटिमीटर अंतरात. गतीच्या समीकरणावरून ऋण त्वरण काढले तर ते सुमारे १६१ मीटर/सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १६ पटींहून थोडे अधिक. आणि या साऱ्या घटनेला लागणारा वेळ किती? सुमारे ०.०८६ सेकंद. सेकंदाचा दहावा भागही नाही.

आता गाडीतल्या मोकळ्या मुलाकडे पाहू. गाडीवर भिंतीने बल लावले, मुलावर कोणीच लावले नाही. त्यामुळे ते आपल्या मूळ वेगानेच पुढे जात राहते. गाडी ६० सेंटिमीटर सरकून थांबते तेवढ्या वेळात मूल १२० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे गाडी थांबत आलेली असताना मूल जवळजवळ ताशी ५० किलोमीटर वेगाने डॅशबोर्डवर, काचेवर किंवा पुढच्या सीटवर आदळते. गाडीला थांबायला ६० सेंटिमीटर मिळाले. मुलाच्या डोक्याला एखाद्या कठीण पृष्ठभागावर पाच सेंटिमीटर मिळाले असे धरले, तरी त्याचे ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २०० पट होते.

हा वेग विद्यार्थ्यांना पटवायचा असेल तर त्याची तुलना उंचीवरून पडण्याशी करावी. ताशी ५० किलोमीटर वेग येण्यासाठी वस्तू सुमारे ९.८ मीटर उंचीवरून पडावी लागते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नसेल तर आपण मुलाला तेथे क्षणभरही उभे करणार नाही. गाडीत मात्र निश्चिंतपणे उभे करतो.

फुटपट्टीचा प्रयोग

“पण मी बाळाला घट्ट धरीन ना!” असे प्रत्येक आई-वडील म्हणतात. हे म्हणणे किती खरे आहे, ते तीस सेंटिमीटरच्या एका फुटपट्टीने तपासता येते.

एका विद्यार्थ्याने फुटपट्टी उभी, वरच्या टोकाला धरावी. शून्याची खूण खाली असावी. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेजवळ, पट्टीला स्पर्श न करता, उघडी ठेवावीत. पहिल्याने काही न सांगता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी किती सेंटिमीटर खाली आली ते पाहावे. बहुतेकांची पट्टी १५ ते २५ सेंटिमीटर पडल्यावर पकडली जाते. वीस सेंटिमीटर पडायला ०.२ सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, मेंदूने स्नायूंना सांगितले आणि बोटे मिटली, या साऱ्याला लागणारा हा वेळ.

आपली टक्कर ०.०८६ सेकंदात संपली होती. तेवढ्या वेळात पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर पडते. वर्गातल्या एकाही मुलाला ती तेथे पकडता येणार नाही, आणि हे तर तयारीत बसलेल्यांचे झाले. गप्पा मारत बसलेल्या आईला ‘आता घट्ट धरले पाहिजे’ हे कळण्याआधीच टक्कर होऊन गेलेली असते.

आणि समजा, आधीच घट्ट धरलेले असले तर? दहा किलोच्या बाळाला १६१ मीटर/सेकंद वर्ग इतक्या ऋण त्वरणाने थांबवायला सुमारे १६०० न्यूटन बल लागते. हे १६४ किलो वजन हातांवर तोलून धरण्याइतके झाले. ते कोणाच्याच हातांना शक्य नाही. यात मायेचा किंवा हिमतीचा प्रश्न येत नाही, प्रश्न न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा आहे.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचे शरीरही त्याच वेगाने पुढे जाते आणि बाळ तिच्या व डॅशबोर्डच्या मध्ये सापडते. एकच पट्टा आईने स्वतःभोवती आणि मांडीवरच्या बाळाभोवती घेतला, तर साठ किलोच्या आईचा भार त्या क्षणी सुमारे हजार किलोइतका होतो आणि तो बाळाला पट्ट्यावर चिरडतो. जी मांडी आपण सुरक्षित मानली, तीच घातक ठरते.

एका कायद्यातली फट

हा समज केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या मोटारप्रवासासाठी कायदा व्हावा म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. तो १९७७ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. चार वर्षांखालील मुलांना गाडीत सुरक्षा आसनात बसवणे त्या राज्यात बंधनकारक झाले. अमेरिकेतला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पण तो मंजूर करताना आमदारांनी त्यात एक सवलत घातली. मोठ्या माणसाने मुलाला हातांत धरले असेल तर आसनाची गरज नाही! कायद्याचा सारा हेतूच या सवलतीने पोकळ झाला. सँडर्स हिला ‘मुले चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. त्यांना ती काढून टाकायला १९८१ साल उजाडले. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी मुलांसाठी असे कायदे केले होते.

पट्टा नेमके काय करतो?

पट्टा माणसाला गाडीशी जोडतो. गाडीला थांबायला जे ६० सेंटिमीटर मिळाले, ते पट्ट्यामुळे माणसालाही मिळतात. थांबायला मिळणारे अंतर बारा पट झाले तर सरासरी बल बारा पटींनी कमी होते. दुसरे म्हणजे पट्टा हे बल शरीराच्या मजबूत भागांवर, म्हणजे खांदा, छातीचा पिंजरा आणि कटीची हाडे यांवर, पसरून देतो.

नीट बांधलेले शरीर किती सहन करू शकते, याचा एक विलक्षण पुरावा अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून दिला. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीतून ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि ही गाडी अवघ्या १.४ सेकंदात थांबवण्यात आली. त्यांच्या शरीराने गुरुत्वत्वरणाच्या ४६ पटींपर्यंत ऋण त्वरण सोसले. काही काळ त्यांची दृष्टी गेली, पण ते वाचले आणि पुढे १९९९ पर्यंत जगले. आपल्या उदाहरणातली टक्कर १६ पटींची होती, हे येथे लक्षात घ्यावे.

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी बांधलेला पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी तयार केला आणि १९५९ पासून तो मोटारींत बसू लागला. बोहलिन त्याआधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. कंपनीने या पट्ट्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले.

मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे

मग मोठ्यांचाच पट्टा मुलांना लावला तर काय बिघडले? याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही, शरीररचनेत आहे.

प्रौढ माणसाच्या डोक्याची उंची त्याच्या एकूण उंचीच्या सातव्या-आठव्या भागाइतकी असते. नवजात बालकात ती चौथ्या भागाइतकी असते. आठ किलोच्या बाळाचे डोके साधारण दोन किलोचे असते. आणि हे जड डोके ज्या मानेवर असते, तिचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. प्रत्येक मणक्याचे हाडाचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकजीव व्हायला तीन ते सहा वर्षांचे वय यावे लागते. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने थांबले, तरी डोके पुढे जातच राहते. १६ पट ऋण त्वरणाला दोन किलोचे डोके मानेला निदान ३२ किलोच्या भाराने ओढते. तीस किलोचे तांदळाचे पोते त्या कोवळ्या मानेला टांगल्याची कल्पना करावी.

यावर उपाय साधा आहे. बाळाला उलटे, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून बसवायचे. मग समोरून टक्कर झाली की डोके, मान आणि पाठ ही तिन्ही एकाच वेळी आसनाच्या पाठीत दाबली जातात. बल संपूर्ण पाठीवर पसरते आणि मान ओढली जात नाही. ही कल्पना स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात मांडली. उड्डाणाच्या वेळचे प्रचंड बल पाठीवर घेत आसनात पडून राहणारे जेमिनी यानातील अंतराळवीर पाहून त्यांना ती सुचली. अशा आसनाचा पहिला नमुना १९६४ मध्ये मोटारीत तपासला गेला.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण निराळी. पट्ट्याचा खालचा भाग कटीच्या हाडांच्या पुढच्या टोकांवर अडकून राहायला हवा. ही टोके साधारण दहा वर्षांपर्यंत पुरेशी वाढलेली नसतात. शिवाय सीट खोल असल्यामुळे गुडघे वाकवता यावेत म्हणून मूल पुढे सरकून बसते. टकरीच्या वेळी पट्टा कटीवरून सरकून पोटावर चढतो आणि यकृत, प्लीहा, आतडी यांना इजा करतो. वरचा पट्टा गळ्याला कापतो, म्हणून मूल तो काखेखालून घेते. मग तो फासळ्यांच्या खालच्या भागावर दाबतो. मुलाखाली ठेवलेली उंच बैठक, जिला ‘बूस्टर’ म्हणतात, ती मुलाला फक्त वर उचलते. पण तेवढ्याने पट्टा योग्य जागी येतो.

कोणत्या वयाला काय?

वय हा अंदाज आहे. खरा आधार उंची, वजन आणि त्या आसनावर छापलेल्या मर्यादा.

१. जन्मापासून, आसनाची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत, मागे तोंड असलेले आसन. युरोपातील २०१३ सालच्या नियमांप्रमाणे बनवलेल्या आसनांत निदान १५ महिन्यांपर्यंत हे बंधनकारक आहे. त्यानंतरही जितके दिवस शक्य तितके चांगले.

२. त्यानंतर पुढे तोंड असलेले, आसनाचे स्वतःचे खांदे-कटीचे पट्टे असलेले आसन.

३. ते लहान पडू लागले की बूस्टर आणि गाडीचा पट्टा.

४. उंची सुमारे १४५ सेंटिमीटर झाली, पाठ सीटला टेकवून गुडघे कडेला वाकू लागले, खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येऊ लागला, की नुसता गाडीचा पट्टा पुरे.

आसन आणले म्हणजे काम झाले असे नाही. ते गाडीच्या सीटला इतके घट्ट बांधलेले असावे की पट्टा ज्या ठिकाणी जातो तेथे धरून हलवल्यास अडीच सेंटिमीटरहून अधिक हलू नये. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात. त्या पद्धतीला ‘आयसोफिक्स’ म्हणतात आणि त्यात आसन थेट अडकते. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येऊ नये, इतका तो नीट बसलेला असावा. जाड स्वेटर घालून पट्टा आवळू नये. लोकर दबते आणि पट्टा सैल होतो. अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरू नये.

बारा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागच्या सीटवरच. पुढची एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच, प्रचंड वेगाने फुगते. ती प्रौढांच्या मापाने बनवलेली असते. अमेरिकेत १९९० च्या दशकात हलक्या टकरींतही एअरबॅगच्या तडाख्याने मुले दगावल्यावर हा धोका लक्षात आला. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेले आसन कधीही ठेवू नये. बाळाचे डोके त्या पिशवीच्या अगदी जवळ असते.

पण मागे बसले म्हणजे पट्टा नको, असेही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ मृत्यू पावले. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे मागे बसलेल्या या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

या साऱ्याचा उपयोग किती होतो? अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासानुसार मोटारीत योग्य आसन वापरल्याने प्राणघातक इजा तान्ह्या बाळांत ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांनी कमी होते. लसीबद्दल असा आकडा सांगितला, तर आपण रांग लावू.

आपल्याकडे

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक झाली आहे. ‘भारत एनकॅप’ ही मोटारींच्या सुरक्षेची चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे आसनांत बसवून गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवतात.

अडचणी आहेत, हे आम्हाला मान्य आहे. आसन स्वस्त नाही. रिक्षात आणि एस.टी.त ते बसवता येत नाही. पाच जणांच्या गाडीत सात जण निघालेले असतात. आपल्या देशात रस्त्यावरच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा आहे, हेही खरे. पण ज्या घरात गाडीसाठी काही लाख रुपये खर्च होतात, त्या घरात सीट कव्हर आणि गाण्यांच्या यंत्रणेआधी आसनाचा विचार व्हायला हरकत नसावी. आणि ज्या गोष्टींना पैसा लागत नाही त्या आजपासून करता येतात. मुलाला मागे बसवणे, दोन सीटांमध्ये उभे न करणे, पट्ट्याच्या मापाला आलेल्या प्रत्येक मुलाला पट्टा लावणे, जितके पट्टे तितकीच माणसे घेणे आणि वेग कमी ठेवणे. वेग निम्मा केला तर गतिज ऊर्जा एक चतुर्थांश होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक मीटर लांबीची फळी पुस्तकांवर टेकवून उतार करावा. पायथ्याशी वीट ठेवावी. सपाट टपाची खेळण्यातली गाडी घेऊन तिच्यावर शाडूची छोटी बाहुली बसवावी. बाहुलीचे डोके मुद्दाम मोठे करावे.

पहिल्यांदा बाहुली मोकळी ठेवून गाडी सोडावी. ती किती लांब जाऊन पडते ते मोजावे. दुसऱ्यांदा तिला पोटाशी शिवणाच्या दोऱ्याने बांधावे. दोरा मातीत किती रुततो ते पाहावे. तिसऱ्यांदा रुंद फितीने खांदा आणि मांड्यांवरून बांधावे. चौथ्यांदा पुठ्ठ्याची पाठ करून बाहुलीला मागे तोंड करून बसवावे आणि मानेकडे लक्ष द्यावे. नंतर उंची चौपट करून सारे पुन्हा करावे. उंची चौपट झाल्यावर वेग किती पट झाला, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.

या प्रयोगाचा खरा उपयोग शाळा सुटल्यावर सुरू होतो. मोठ्यांना उपदेश केलेला आवडत नाही, पण घरातले मूल फुटपट्टी हातात घेऊन “बाबा, ही पकडून दाखवा,” म्हणाले तर बाबा ती पकडून पाहतातच. साडेतीन सेंटिमीटरवर ती त्यांच्याने पकडली जात नाही. पुढचे सांगणे मग फारसे अवघड राहत नाही. आमच्या घरी हा प्रयोग टाके पडल्यानंतर झाला. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी तो आधीच व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.